समाधानी शहराची तपासणी

इंदूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या डोंबिवलीत प्रत्येक जण विचारतो, सराफ्यात काय काय खाल्लं? मी सराफ्यात गेलेच नाही. तो बाजार रात्री भरतो आणि मला झोप प्रिय आहे. शिवाय इंदुरात जे काही खाल्लं ते दिवसाढवळ्या आणि कामाचा भाग म्हणून खाल्लं. ही हकीकत त्याचीच आहे.

मी मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात नोकरी करते. हे कळलं की लोक मला मुदतठेवीचे दर विचारतात, आणि ते मला माहीत नसतात. कांद्याचा भाव मला मागच्या कित्येक वर्षांचा तोंडपाठ आहे, फक्त आजचा नाही. आमच्या विभागाचं एक काम म्हणजे महागाईबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारणं. शहराशहरांत आमच्या वतीने बायामाणसं घरोघर जातात आणि विचारतात, पुढच्या वर्षी भाव वाढतील, उतरतील की आहेत तसेच राहतील? प्रश्न भाबडा वाटतो. पण भाव वाढणार असं सगळ्यांनाच वाटू लागलं की लोक आजच सामान भरून ठेवतात, पगारवाढ मागतात, दुकानदारही आधीच किंमत चढवून ठेवतो आणि मग भाव खरोखरच वाढतात. म्हणून व्याजदर ठरवणारी मंडळी या उत्तरांकडे डोळे लावून बसलेली असतात. बहुतेक शहरांचं उत्तर एकच असतं, वाढतील. काही ठिकाणी त्याला शिव्याही जोडलेल्या असतात. त्या आम्ही नोंदवत नाही.

इंदूर या पाहणीत नव्याने आलं होतं, आणि इंदूरकर सांगत होते की भाव आहेत तसेच राहतील. एका फेरीत नव्हे, दर फेरीत. आमच्या साहेबांनी आलेख बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"इतकं समाधानी शहर या देशात असू शकत नाही," ते म्हणाले.

त्यांचा संशय असा की तिथली काम करणारी बाई कुणाकडे जातच नाही, घरी बसून सगळी उत्तरं स्वतःच भरते. तसं निघालं तर तिचं काम बंद करायचं आणि इंदूर अभ्यासातून वगळायचं. खात्री करायला कुणीतरी जायला हवं होतं. त्या क्षणी बैठकीत मी खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे माझी निवड झाली.

छत्रीबाग

स्टेशनवर मला घ्यायला सुनीता पागनीस आल्या होत्या. ज्या बाईची तपासणी करायची तीच स्कूटर घेऊन उभी. पन्नाशीच्या आसपासच्या, सुती साडी, वर पुरुषी स्वेटर, आणि माझ्यासाठी आणलेलं जादा हेल्मेट. त्यांच्या सासरचे पूर्वज संस्थानी पागेत घोड्यांचा कारभार बघायचे. घोडे गेले, संस्थान गेलं, आडनाव तेवढं उरलं. मी कशासाठी आलेय हे त्यांना आमच्यासाठी पाहणी करणाऱ्या एजन्सीने कळवलेलं होतं. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी म्हटलं, लगेच कामाला लागू या. त्यांना ते विनोदी वाटलं.

"मॅडमजी, पहले पोहे. सर्वे कुठे पळून जातोय?"

आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर असते आणि ते खाऊन माणूस कामाला लागतो. इथे पोहे वाफेवर मऊ ठेवलेले, त्यावर मूठभर शेव, वरून जीरावन नावाचा आंबटतिखट मसाला आणि शेजारी जिलबी. ते खाल्ल्यावर काम करावंसं वाटत नाही, म्हणूनच बहुधा सगळे उभ्याने खात होते. माझ्या हातातून कागदी रुमाल उडाला तो रस्त्यावर पडला. मोटारसायकलवरून जाणारा एक गृहस्थ थांबला, उतरला, रुमाल उचलून त्याने माझ्या हातात ठेवला आणि अतिशय आदराने म्हणाला, "दीदी, आपका कुछ गिर गया." पुढचे सगळे दिवस मी वापरलेला प्रत्येक कागद पर्समध्ये ठेवत गेले. डोंबिवलीला पर्स उघडली तेव्हा आतून जीरावनाचा वास आला.

छत्रीबाग म्हणजे खान नदीजवळच्या जुन्या गल्ल्या. थंडीचे दिवस होते. बायका गॅलरीत ऊन खात मटार सोलत होत्या, आणि खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की सगळ्या एकदम उठत होत्या. पहिलं घर घाटगेकाकांचं. साठी ओलांडलेले, मिशीला पीळ देणारे, बोलायला मोकळे. पूर्वज फौजेतले, आणि काकांचं जवळच्या हातोद गावी बी-बियाणं आणि खतांचं दुकान. आम्ही बसलो. मी प्रश्न सुरू होण्याची वाट बघत होते. आधी पाणी आलं. मग काकूंनी भुट्ट्याचा कीस आणला, म्हणजे कोवळा मका किसून दुधात शिजवलेला. मग शेव, मग तिळाचे लाडू. सुनीताताईंनी निवांत कीस खाल्ला, काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग कुठे बॅगेतून टॅब काढला.

माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. त्यांनी प्रश्न जसाच्या तसा वाचला. आवाजात चढउतार नाही, सुचवणं नाही, घाई नाही. आमच्या प्रशिक्षणात दाखवायला न्यावं इतकं चोख.

काकांनी उत्तर देण्याआधी माझ्या प्लेटकडे पाहिलं.

"अरे कशाचे वाढतात भाव. आहेत तसेच राहतील. कीस घ्या की अजून."

पुढच्या घरी साबुदाण्याची खिचडी होती आणि भाव आहेत तसेच राहणार होते. त्याच्या पुढच्या घरी तळलेला गराडू होता. गराडू हा कोनफळाच्या गोतातला कंद असून तो थंडीतच मिळतो. तो खाता खाता एका निवृत्त मास्तरांनी मला सांगितलं की महागाई वगैरे वर्तमानपत्रात असते. कुठेही सुनीताताईंनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दुपारपर्यंत माझी खात्री पटली होती की ही बाई घरी बसून काही भरत नाही. घरी बसायला तिला वेळच नव्हता.

मला बरं वाटलं, पण प्रश्न सुटला नव्हता. माणसं खरी, फॉर्म खरे, आणि उत्तर तरीही अशक्य. आमच्या डोंबिवलीत महागाई हा स्वागताचा विषय आहे. पाहुणा आला की चहाबरोबर गॅस सिलिंडरचा भावही पुढे येतो, आणि पाहुणा शहाणा असेल तर तो त्यात शाळेच्या फीची भर घालतो. त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही.

मला वाटलं, खाण्यामुळे लोक सुस्त होत असतील. भरल्या पोटी कुणाला महागाई आठवणार? म्हणून पुढच्या घरी मी शास्त्रीय प्रयोग करायचा ठरवला. घरातल्या बाईंनी बशी पुढे केली तेव्हा मी हात जोडले आणि म्हटलं की आज मी काही घेणार नाही. बाईंचा चेहरा पडला. बशी तशीच आत गेली. सुनीताताई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी जणू देवघरात चपला घालून शिरले होते. मग बाई बाहेर येऊन म्हणाल्या की या सगळ्याचं त्यांचे मिस्टर बघतात आणि मिस्टर उज्जैनला गेलेत. आमच्या परिभाषेत याला 'प्रतिसाद नाही' असं म्हणतात.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. सांगितलं की बाई प्रामाणिक आहे, फॉर्म खरे आहेत. साहेब म्हणाले, मग उत्तरं खोटी का आहेत? त्याचं कारण मिळालं तर ठीक, नाहीतर इंदूर वगळायचं, कारण न समजणारं शहर ठेवून आलेख बिघडवण्यात अर्थ नाही. इंदूर वगळलं म्हणजे सुनीताताईंचं काम गेलं. बाई खोटी ठरली असती तरी तेच झालं असतं, खरी ठरूनही तेच होणार होतं.

हातोद

दुसऱ्या दिवशी घाटगेकाकांनी दुकानावर बोलावलं होतं. काल माझं खाणं कमी झालं असं काकूंचं म्हणणं पडलं होतं. हातोद इंदूरच्या पश्चिमेला, तहसिलीचं गाव, शेतमालाची मंडी असलेलं. शहर मागे पडलं तशी काळी जमीन सुरू झाली, तिच्यावर गव्हाची हिरवी चादर आणि अधूनमधून लसणाचे तुकडे. स्कूटरवर मागे बसून मी ते बघत होते आणि मला फार छान वाटत होतं. मी आयुष्यभर शेतमालाच्या किमतींवर लिहीत आले आहे. लसूण जमिनीवर कसा दिसतो ते या प्रवासात कळलं. पातीच्या कांद्यासारखा दिसतो.

मंडीच्या फाटकाशी स्कूटर कुरकुरायला लागली, तेव्हा सुनीताताई ती दाखवायला मेकॅनिककडे गेल्या आणि मी एकटीच दुकानात पोचले. काका फोनवर होते. मला हाताने खुर्ची दाखवून त्यांनी बोलणं चालू ठेवलं, आणि ते बोलणं ऐकून मी खुर्चीत बसायचं विसरले. पलीकडच्या कुणाला तरी ते सांगत होते की खाद वाढणार, दवा वाढणार, डिझेल तर वाढणारच, तेलाचं तर विचारूच नको, जे घ्यायचं ते आज घेऊन टाक. फोन ठेवल्यावर समोर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यालाही त्यांनी तेच ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि पोती उचलली. आमच्या विभागाने महागाईच्या अपेक्षांवर जेवढं लिहिलंय ते सगळं या दोन माणसांनी माझ्यासमोर करून दाखवलं होतं.

मी विचारलं, "काका, काल तर तुम्ही म्हणालात की भाव आहेत तसेच राहतील."

त्यांना या प्रश्नात विशेष काही वाटलं नाही.

"काल तुमच्या हातात प्लेट होती, बाईसाहेब. खात्या माणसासमोर भाव नाही काढत. नहीं तो त्याला वाटतं, आपला घास मोजतायत."

मी आता खुर्चीत बसले. ते पुढे सांगत होते की ही काही मोठी गोष्ट नाही, सगळीकडे असंच असतं, त्यांच्या आजीसमोर पाहुणे जेवत असताना कुणी तुपाचा भाव काढला तर आजी त्याला उठून जायला सांगायची. मग त्यांनी दरवाज्याकडे पाहून आवाज खाली आणला. सुनीताच्या मिस्टरांची नजर अधू झाली, म्हणाले, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे, ती विकावी लागली. आता घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालतं. "आणि ती तुम्हाला हे कधी सांगणार नाही, लिहून घ्या. काम गेलं तर ती..."

तेवढ्यात समोरच्या टपरीवाल्याने चहा आणि गरम कचोऱ्या आणून ठेवल्या. काकांनी एक कचोरी माझ्या हातात दिली.

"बाकी काय, सगळं एकदम बढिया आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून मला आणखी काही कळलं नाही.

परतताना वाऱ्यात ओरडून मी सुनीताताईंना कचोरीपर्यंतची हकीकत सांगितली, त्यांच्या घरचं वगळून. त्यांनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून त्या म्हणाल्या की हे तर त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही, त्या स्वतःही असंच करतात. लक्षात यायचं कसं? मासा काही पाण्याची तक्रार करत नाही. माझ्या मात्र आता सगळं ध्यानात येत होतं. इतर शहरांत आमच्या माणसांना कुणी घरात घेतच नाही. मुंबईत तर बाहेरच्या जाळीच्या दारातून प्रश्न विचारतात आणि आतल्या माणसाला ते दार बंद करायची घाई असते. देशभरातून आमच्याकडे येतं ते दारात उभं राहून मिळालेलं उत्तर. इंदूरचं उत्तर बशी हातात घेऊन मिळालेलं होतं. आम्ही इतके दिवस महागाई मोजतोय असं समजत होतो. इंदुरात आम्ही पाहुणचार मोजत होतो.

उंबरठा

निघायच्या दिवशी सुनीताताईंनी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, स्वच्छ, खिडकीत तुळस. त्यांचे यजमान माझ्या आवाजाच्या दिशेने बघत मला नमस्कार करून माळव्याच्या थंडीबद्दल बोलले. ताटात दाल बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकळून मग भाजलेला. तो कुस्करून त्यावर तूप ओततात. तूप किती ओतायचं हे खाणारा ठरवत नाही. मी तीनदा नाही म्हटलं, आणि प्रत्येक नाहीबरोबर तूप वाढलं.

जेवता जेवता मी सहज विचारल्यासारखं विचारलं की बँकेने इंदूरचं काम बंदच केलं तर काय करणार?

"काही नाही हो मॅडमजी. कुछ ना कुछ होऊन जातं. आमचं मस्त चाललंय." आणि त्यांनी आणखी एक बाफला वाढला.

यजमानही हसून म्हणाले की काही टेन्शन नाही. इतकं सरळ, इतकं प्रसन्न उत्तर होतं की हातोदला गेले नसते तर मी ते जसंच्या तसं नोंदवून निघून आले असते. मी ताट संपवलं. हात धुतले. बडीशेप खाल्ली. पिशवी घेतली, यजमानांचा निरोप घेतला आणि बाहेर येऊन चपला घातल्या. सुनीताताई मला सोडायला उंबरठ्यापर्यंत आल्या. त्या आत, मी बाहेर.

"सुनीताताई," मी म्हटलं, "आता माझं जेवण झालं. आता सांगा. काम गेलं तर काय होईल?"

त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग चपलांकडे पाहिलं. मागे वळून यजमान आतल्या खोलीत गेलेत ना याची खात्री केली.

"मुश्किल होईल, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बहोत मुश्किल होईल. यांची दवा, हे घर, सगळं माझ्यावर आहे. तुम्ही येणार कळलं तेव्हापासून नीट नींद नाही लागली. पण तुम्हाला कसं सांगणार. तुम्ही पाहुण्या."

मला फार वाईट वाटलं. जिच्या हातात आपलं काम आहे त्याच बाईला सुनीताताईंनी पोहे खाऊ घातले होते, घरोघर मिरवलं होतं, स्वतःच्या हाताने तूप वाढलं होतं, आणि आता या बाईला खाऊ घातलंय म्हणून स्वतःची अडचण तिच्याजवळ बोलायची सोय उरली नव्हती. मी त्यांचा हात धरला. काही आश्वासन द्यायचा मला अधिकार नव्हता, तो साहेबांना होता. तेवढंच मी त्यांना सांगितलं, आणि रिक्षात बसले.

मुंबईला आल्यावर मी अहवाल लिहिला. इंदूरची उत्तरं खोटी नाहीत, प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो, असं त्यात म्हटलं. साहेबांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, पुढच्या फेरीत त्याच बाईंना त्याच गल्ल्यांत पाठवा. खाणंपिणं व्हायचं ते होऊ द्या, फक्त भावाचा प्रश्न निघताना, उंबरठ्याबाहेर चपला घालून विचारायला सांगा. साहेबांनी चष्मा पुसला आणि हो म्हटलं. बहुधा शास्त्रीय पाहणीच्या सूचनांत चपलांचा उल्लेख पहिल्यांदाच झाला असावा.

फेरी झाली. इंदूरचं उत्तर आलं, वाढतील. ठणठणीत, एकमुखी. कुठे कुठे शिव्यांसहित. इंदूरही बाकीच्या देशाइतकंच नाराज निघालं तेव्हा साहेबांना मनापासून बरं वाटलं. इंदूर अभ्यासात राहिलं, आणि सुनीताताईंचं कामही.

त्यांचा फोन आला तेव्हा त्या आधी हसत होत्या. लोकांना हे अजब वाटतं, म्हणाल्या, भरपेट खाऊन निघताना असलं काय विचारता म्हणून रागावतात, पण मग दारात धरून ठेवतात आणि सगळं सांगतात, सोडतच नाहीत. घाटगेकाकांनी तर गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत येऊन तेलाबद्दल ऐकवलं.

मी विचारलं, तुमचं कसं चाललंय?

"एकदम बढिया."

हे उत्तर मी आधीही ऐकलं होतं. म्हणून विचारलं, "ताई, आत बसून बोलताय की दारात?"

 पलीकडून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं, अगदी जवळून.

"दारात उभी आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "सच्ची, बढिया."